राजाचा गवई सेकंड गायचा

मस्कतात, घुब्र्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहायचो. डॅडी, आई आणि मी. चौथा होता पोर्तुगालच्या राजाचा गवई. तो मरून दोनशे वर्षं होत आली होती, पण शुक्रवारच्या जेवणाला त्याचा विषय निघाला नाही असं कधी होत नसे. त्याला आमच्याकडे आणलं ते पास्कोल मास्तरांनी. मास्तर आमच्यासारखेच वसईचे, पण गाव दुसरं. एका हॉटेलात ते संध्याकाळी पियानो वाजवायचे. काळा कोट घालून, लॉबीत बसलेल्यांच्या गप्पांना अडथळा होणार नाही इतक्या हळू. त्यांचं खरं प्रेम व्हायोलिनवर होतं आणि गुरुवारी चर्चमध्ये आमच्या क्वायरची तालीम घेण्यावर. लग्न केलेलं नव्हतं. अझैब्याला दोन मल्याळी अकाउंटंटांबरोबर एका खोलीत राहायचे आणि शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की डॅडींच्या पिकअपमध्ये बसून सरळ आमच्याकडे जेवायला. मस्कतात आमचा रविवार शुक्रवारी यायचा. लहानपणी मला वाटे, देवालाही हे कळवलेलं असणार.

शुक्रवारी आई फुगे करायची, आमच्याकडचे तळलेले गोल पाव. पीठ नारळाच्या दुधात भिजवून ती पहाटे बाल्कनीत ठेवी. गावी ते फुगायला अर्धा दिवस जातो. मस्कतच्या उन्हाळ्यात मिस्सेहून येईपर्यंत ते टोपाबाहेर येऊन खाली सांडलेलं असे. मग ती मुठीतून पिठाचे गोळे दाबून कढईत सोडायची आणि बाजूच्या शेगडीवर इंद्यालचा आंबट-तिखट रस्सा रटरटत असे. मसाला गावचा, बाटलीत ठासून भरून आणलेला. कस्टमवाल्याने एकदा ती बाटली उघडून हुंगली होती आणि शिंकत शिंकत हातानेच ‘जा, जा’ केलं होतं. मास्तर पहिला फुगा कोरडाच खायचे. डोळे मिटून. दुसऱ्या फुग्याला गवई सुरू व्हायचा.

गोव्यातल्या एका म्हाताऱ्या पाद्र्याकडे मास्तर तरुणपणी व्हायोलिन शिकले होते. त्या पाद्र्याने त्यांना हा गवई दिला. त्याचं नाव मास्तर दर वेळी थोडं वेगळं सांगायचे, म्हणून आमच्या घरात तो नुसताच राजाचा गवई राहिला. तो म्हणे पाववाल्याचा पोरगा. लिस्बनच्या गल्लीत पाव विकताना अशी आरोळी ठोकायचा की राजाच्या चॅपलमधला कुणी ती ऐकून त्याला हाताला धरून घेऊन गेला. इथे आई हमखास विचारी, “पावात ताडी घालायचे का हो तिकडे?” आमच्याकडे जुन्या लोकांचा पाव ताडीवर फुगायचा, म्हणून तिला ते महत्त्वाचं वाटे. मास्तर गंभीरपणे म्हणायचे, “ते पाद्र्याने सांगितलं नाही, बाय.” मग तो पोरगा मोठा झाला, राजासमोर गायला लागला, स्वतः चाली बांधायला लागला. राजाने सोन्याच्या नक्षीचं थिएटर बांधलं, आणि लगेच इतका मोठा भूकंप झाला की थिएटर गेलं, राजवाडा गेला, अर्धं गाव समुद्राने नेलं. राजाने दगडी छताची अशी धास्ती घेतली की पुढे आयुष्यभर तो लाकडाच्या घरात राहिला. गवई त्या लाकडाच्या घरात गायचा, आणि लाकडात आवाज जास्त गोड लागायचा असं मास्तरांचं म्हणणं.

“उन्हाळ्यात उकडत असेल,” डॅडी म्हणायचे. ते एसी मेकॅनिक होते. त्यांच्या दृष्टीने घर दगडाचं की लाकडाचं यापेक्षा थंड राहतं की नाही हा खरा प्रश्न होता. पण कान त्यांचाही तयार होता. दारात उभे राहून ते नुसत्या आवाजावरून सांगत, कंप्रेसर जाणार आहे की फॅनचं बेअरिंग. त्यांच्या कंपनीचा ओमानी अर्बाब, म्हणजे मालक, त्यांना डॉक्टर म्हणायचा. आमच्या हॉलमधल्या विंडो एसीचा जो घुं आवाज यायचा, त्यातच ते सूर धरायचे आणि दाढी करताना गायचे. मोठा, खालचा, घरभर पसरणारा आवाज होता त्यांचा. मला अजून कुठल्याही जुन्या एसीखाली उभं राहिलं की साबणाचा वास येतो.

डॅडी गायचे ती आमची लदीन. मे महिन्यात आमच्याकडे गावच्या क्रुसासमोर संध्याकाळी माणसं जमतात आणि मरियामातेची लिटनी गातात, लॅटिनमध्ये. एकाने नावं घ्यायची, बाकीच्यांनी ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणायचं, आमच्यासाठी विनंती कर. अर्थ निम्म्यांना कळत नाही, पण चाल प्रत्येक गावाची वेगळी आणि प्रत्येक गावाला आपलीच चाल थोर वाटते. आमच्या गावची लदीन डॅडींचे वडील उचलायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील. डॅडी मस्कतला आले तेव्हा बॅगेत दोन पँट, सुके बोंबील आणि ही चाल, एवढंच घेऊन आले असं आई म्हणायची. दर मे महिन्यात एका गुरुवारी आमच्या हॉलमध्ये लदीन व्हायची. सोफा बेडरूममध्ये जायचा, टीव्हीच्या टेबलावर मरियामातेचा पुतळा आणि मेणबत्त्या. मगरिबची अजान पुरी होईपर्यंत सगळे गप्प उभे राहायचे, मग डॅडी स्वतः जाऊन एसी बंद करायचे, आणि त्या एकदम पडलेल्या शांततेत पहिला सूर लावायचे.

मास्तर आमच्या लदीनला पहिल्यांदा आले त्या वर्षी मी बारा-तेरा वर्षांची असेन. ते अगदी मागे भिंतीला टेकून उभे होते. लदीन झाली, आईने उकडलेले चणे आणि खोबऱ्याच्या फोडी वाटायला घेतल्या, आणि मास्तर गर्दीतून वाट काढत डॅडींसमोर आले. चेहरा असा की हरवलेलं पोर सापडलंय.

“बस्त्याव, कुणाकडून शिकलास रे हे?”

“बापाकडून. तो त्याच्या बापाकडून. आमच्या गावची चाल आहे ही.”

“ही चाल नव्हे रे. हा सेकंड आहे. फर्स्ट कुठाय?”

मास्तरांना आनंद झाला होता, दुसरं काही नाही. हे मला आज कळतं. ते भरभर सांगत सुटले की ही लदीन दोन आवाजांची आहे, वरचा आवाज चाल सांगतो आणि खालचा तिला धरून चालतो. की वरचा आवाज त्यांच्याकडे आहे, त्या पाद्र्याने दिलेला. की ही लदीन त्या राजाच्या गवयानेच बांधली. आमच्या गावात कधीतरी दोघं गाणारे असतील, त्यातला फर्स्टवाला मेला किंवा गाव सोडून गेला असेल, आणि सेकंडवाला आपला एकटाच गात राहिला असेल. पुढच्यांनी तेच खरं मानलं. सगळं बरोबर होतं. फक्त ते त्यांनी डॅडींच्या हॉलमध्ये, डॅडींच्या गावच्या चाळीस माणसांसमोर सांगितलं.

डॅडींच्या हातातली ताटली तशीच राहिली. “म्हणजे आमचं अख्खं गाव इतकी वर्षं चुकीचं गातंय?”

“चुकीचं नाही म्हणत मी. अपुरं.”

“माझा बाप अपुरा गायचा.”

“बस्त्याव, अरे, तसं नाही—”

“मास्तर, चणे खा,” डॅडी म्हणाले, आणि एसी लावायला वळले.

पुढच्या शुक्रवारी मास्तर पिकअपकडे आले नाहीत आणि डॅडींनी थांबून हाक मारली नाही. भांडण असं झालंच नाही, म्हणून ते मिटवायलाही काही नव्हतं. आई दोन्हीकडे बोलून थकली. “एक म्हणतो मोडेन पण वाकणार नाही, दुसरा म्हणतो मीही,” ती कढईतले फुगे उलटत पुटपुटायची. पीठ मात्र ती चौघांचंच भिजवायची, आणि उरलेले फुगे शनिवारी माझ्या डब्यात येत. मला त्या फुग्यांचा कंटाळा नाही आला, त्यांच्याकडे बघून रडू यायचं. डॅडींनी दाढी करताना गाणंही बंद केलं होतं. आमच्या घरात आता नुसताच एसी गायचा.

क्वायर मात्र मी सोडली नाही, आणि डॅडींनीही सोड म्हटलं नाही. गुरुवारी संध्याकाळी ते मला चर्चच्या आवारात सोडायचे आणि तालीम संपेपर्यंत पिकअपमध्येच बसून राहायचे, तालमीच्या खोलीच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत. आत यायचे नाहीत. तालीम संपली की बाकीची मुलं जायची आणि मास्तर मला थांबवून घ्यायचे. “तुझा आवाज वर जातो,” ते म्हणाले, “तुला फर्स्ट देतो.” मग ते खोलीतला एसी बंद करायचे आणि खिडकी सताड उघडायचे. “एसीच्या घरघरीत सूर कळत नाही.” ओमानचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको, खिडकीतून भट्टीचा श्वास आत यायचा. मी घामाने निथळत गायचे, आणि मास्तर व्हायोलिनवर माझ्याबरोबर, कधी माझ्यापुढे एक पाऊल, वरचा आवाज दाखवत. किती सुंदर होता तो. पहिल्यांदा पुरा ऐकला तेव्हा मला वाटलं, हा तर मला माहीत आहे. डॅडींच्या गाण्याच्या वरती जी जागा मोकळी होती, तिथेच तो बसत होता.

त्याच हिवाळ्यात हॉटेलने पियानोवाला बंद करून टेप लावायचं ठरवलं. मास्तरांचा व्हिसा मेअखेरपर्यंत होता. हे त्यांनी मला सांगितलं ते व्हायोलिनच्या तारा पुसता पुसता. “मग खलास, बाय. मग वसई.” घरी येताना पिकअपमध्ये माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मला एवढंच समजत होतं की लदीनचा वरचा आवाज आता मस्कतात माझ्याजवळ आणि मास्तरांजवळ आहे, खालचा डॅडींजवळ आहे, डॅडींसमोर वरचा गायची माझी एकटीची छाती नव्हती, आणि मास्तर एकदा विमानात बसले की हे दोन आवाज एका खोलीत कधीच येणार नाहीत. आणि ते दोघं पुन्हा एका ताटातले फुगे खाणार नाहीत. खरं सांगायचं तर मला त्या दुसऱ्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

त्यानंतर मास्तरांनी राजाच्या गवयाची एक नवी गोष्ट सांगायला सुरुवात केली, जी शुक्रवारच्या जेवणात कधी आली नव्हती. ती ते बसून सांगत नसत. खिडकीशी उभे राहून, बाहेर तोंड करून, क्वायरला सूचना देतात तसल्या मोठ्या आवाजात सांगायचे. की राजाने एकदा गवयाला विचारलं, ही दोन आवाजांची लदीन तू बांधलीस, मग फर्स्ट तू स्वतः का गात नाहीस, शिष्याला का देतोस? तर गवई म्हणाला, महाराज, फर्स्ट कुठलाही चांगला गळा गाईल. सेकंडला भक्कम माणूस लागतो. तो हलला तर वरचा पडतो. “आणि मरेपर्यंत तो सेकंडच गायला,” मास्तर खिडकीबाहेरच्या उन्हाला सांगायचे. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की मला कंटाळा आला. एकदा मी म्हटलंसुद्धा, “मास्तर, ही सांगून झाली.” ते म्हणाले, “पाठ होऊ दे.”

मे आला. आई रोज एकदा डॅडींना विचारायची, “अहो, मास्तरांना बोलावलंत का?” डॅडींचं उत्तर ठरलेलं. “लदीनला बोलावत नाहीत. ज्याला यायचं तो येतो.” आमच्या गावचा रिवाज तसाच आहे, घंटा वाजली की येणारे येतात, बोलावणं करणं म्हणजे समोरच्याच्या भक्तीवर शंका घेणं. मी मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, “आमच्याकडे लदीनला घरधनी स्वतः दारात येऊन सांगतो, बाय. न सांगता कसा जाऊ?” दोन गावांच्या मध्ये एक चिंचेचं झाड आणि एक तळं, आणि रिवाज असे. त्या आठवड्यात मी रोज रात्री मरियामातेला सांगितलं की दोघांपैकी एकाचा रिवाज मोड, कुणाचाही चालेल.

गुरुवारी संध्याकाळी हॉल भरला. सोफा बेडरूममध्ये गेला, मेणबत्त्या लागल्या, पोरं बाथरूमच्या दारापर्यंत दाटीवाटीने उभी. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गुहागरचे सावंतकाका नेहमीप्रमाणे दारात चपला काढून हात जोडून उभे राहिले. मास्तर नव्हते. अजान झाली. डॅडींनी एसी बंद केला. सगळे गप्प झाले, आणि डॅडींनी सूर लावलाच नाही. त्यांनी एक मेणबत्ती सरळ केली. मग दुसरी, जी सरळच होती. मग बाल्कनीत जाऊन खाली बघितलं आणि परत आले. बंद खोलीत माणसांच्या अंगाची वाफ चढायला लागली, कुणीतरी वारा घ्यायला मासिक हलवायला लागलं.

“जरा थांबा,” डॅडी म्हणाले, “खाली कंप्रेसरचं बघून येतो.”

आमच्या एसीचा कंप्रेसर खिडकीतच होता. हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. आई पदराने गळा पुसत बाल्कनीत गेली, तिच्या मागोमाग मी. खाली कॅफेटेरियाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मास्तर बसले होते. काळा कोट, त्या गरमीत. पायांशी व्हायोलिनची पेटी, समोर चहाचा कागदी कप. बोलावल्याशिवाय ते वर येणार नव्हते, आणि घरीही बसवलं नव्हतं त्यांना. डॅडी जाऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. वरून काही ऐकू आलं नाही. मग मास्तर उठले, आणि पेटी डॅडींनी उचलली.

काय बोललात म्हणून आईने नंतर कितीदा विचारलं. डॅडी म्हणायचे, “काय बोलायचंय? मास्तर, चणे थंड होतात म्हटलं. यल्ला, चला.”

डॅडींनी सूर लावला. एसीचा आधार नव्हता, तरी तोच सूर. किरिये एलेइसोन. मी त्यांच्या शेजारी उभी होते. फर्स्टचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या ओळीला मास्तरांनी माझ्याकडे बघून नुसती भुवई उचलली, आणि मी वरचा आवाज उचलला. मला वाटलं डॅडी थांबतील, माझ्याकडे वळतील. ते थांबले नाहीत. उलट त्यांनी आपला आवाज जरासा खाली घेतला, मला उभं राहायला जागा करून दिली, आणि जिथे मी श्वास घ्यायचे तिथे ते ताणून धरायचे, चुकूनही आधी सोडायचे नाहीत. कुठे मी लांबवणार, कुठे वळणार, त्यांना सगळं माहीत होतं. आमचा ‘ओरा प्रो नोबिस’ वर्षानुवर्षं जमिनीलगत चालत आला होता. त्या दिवशी तो उठून उभा राहिला. म्हातारी माणसं उत्तर द्यायची विसरून आमच्याकडे बघत होती. मास्तरांनी पेटी उघडलीच नाही. ते भिंतीला टेकून, कोटाच्या बाहीने डोळे पुसत उभे होते.

चणे वाटले गेले. डॅडी मास्तरांजवळ जाऊन बसले, जमिनीवर.

“तो तुमचा गवई,” डॅडी म्हणाले. “खरंच मरेपर्यंत सेकंड गायला?”

मास्तरांनी एक चणा सोलला, साल ताटलीच्या कडेला ठेवलं. “मी ही गोष्ट क्वायरच्या खोलीत सांगितली होती, बस्त्याव. तुला कशी कळली?”

“पिकअपची काच खाली होती.”

“एवढ्या गरमीत?”

“एसी बिघडला होता गाडीचा,” आमचे एसीचे डॉक्टर म्हणाले.

महिनाअखेर डॅडी आणि मी मास्तरांना विमानतळावर सोडायला गेलो. शुक्रवार होता, म्हणून आईने प्लास्टिकच्या डब्यात फुगे बांधून दिले. परत येताना पिकअपचा एसी चालू होता, उत्तम गार, आणि डॅडी सगळा रस्ता लदीन गात आले. फर्स्ट गा म्हणून मला सांगितलं नाही, मीच गायले. मास्तर पुढे आमच्या गावी जाऊन दोन मुलांना फर्स्ट शिकवून गेले असं आम्हाला पत्रांतून कळलं. आता डॅडी आणि मास्तर दोघंही वसईच्या मातीत आहेत, आपापल्या गावच्या.

मी मोठेपणी संगीताची शिक्षिका झाले. पुस्तकं मिळायला लागली तसा मी राजाचा गवई शोधला. सापडला. होता तो, दरबारात गायचा, चालीही बांधायचा, राजाचं लाकडाचं घरही खरं निघालं. बाप पाववाला होता असं कुठे मिळालं नाही. ही लदीन त्याच्या नावावर कुठे नाही. आणि तो सेकंड गायचा असं तर कुणीच लिहिलेलं नाही. जिथे तिथे वरचाच आवाज त्याचा. एवढं वाचलं आणि मला ती उघडी खिडकी आठवली, तिच्याकडे तोंड करून मोठ्याने बोलणारे मास्तर आठवले. ती गोष्ट माझ्यासाठी नव्हतीच. पुस्तक तसंच मांडीवर ठेवून मी बराच वेळ रडले, आणि हसलेही.

हल्ली मी मुलीकडे, मस्कतातच, अल खौदला असते. नात सात वर्षांची आहे, इंग्लिश फाडफाड बोलते आणि मराठी चाचपत. तिला मी फर्स्ट शिकवलाय, सेकंड मी धरते. परवा गाता गाता ती थांबली. म्हणाली, “मोठीआई, तुझी ट्यून माझ्यासारखी नाही. तुझी राँग आहे का?”

मी उठून एसी बंद केला आणि तिला जवळ घेतलं. म्हटलं, “ऐक. पोर्तुगालला एक राजा होता. त्याचा एक गवई होता, आणि तो मरेपर्यंत सेकंड गायला.”

“ट्रू स्टोरी आहे?”

“अगदी खरी,” मी म्हणाले. “माझ्या डॅडींना सांगितलेली.”